हिंदूराव सापडत नाही

प्रति,
माननीय मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



दिल्लीत रिक्षावाल्याला 'हिंदूराव' एवढंच म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. आजारी कोण आहे, तेवढं मात्र आरशातून बघून घेतो. उत्तर दिल्लीच्या टेकाडावर, ज्याला इथे सगळे रिज म्हणतात, महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे. त्याचं हे नाव. मी त्याच्या उताराला, मलकागंजात, भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथेच बसून वेबसाइट बनवते. सोळा वर्षं झाली या धंद्यात. गाव विट्याजवळचं. वडील सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामासाठी दिल्लीला आले आणि आम्ही भावंडं इथेच वाढलो. घरात सांगलीकडची मराठी, शाळेत हिंदी, धंद्यात इंग्रजी, असा सगळा कारभार.

आपल्याला पत्र लिहायचं निमित्त हा हिंदूरावच आहे. रुग्णालय नव्हे, माणूस.

हिंदूराव घाटगे कागलचे. सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. 1827 मध्ये त्यांचे पती दौलतराव शिंदे गेले, बायजाबाईंनी काही वर्षं ग्वाल्हेरचा कारभार हाती ठेवला आणि 1833 मध्ये त्यांना तिथून निघावं लागलं. त्या उलथापालथीनंतर हिंदूराव दिल्लीत स्थिरावले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अंमलदाराचा मार्च 1835 मध्ये खून झाला. त्याची टेकाडावरची कोठी हिंदूरावांनी विकत घेतली. 1857 उजाडलं तेव्हा ते हयात नव्हते, पण दिल्लीच्या वेढ्याच्या इंग्रजी नकाशांवर 'हिंदूरावची कोठी' ठळक दिसते, कारण गुरख्यांची सिरमूर पलटण जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथेच ठाण मांडून होती. त्या कोठीचं पुढे रुग्णालय झालं. खाली सदर बाजाराच्या अंगाला बाडा हिंदूराव नावाची वस्ती आहे. बाडा म्हणजे आपला वाडाच. रोमन पाटी वाचणारे नवखे मराठी लोक 'बारा हिंदूराव' वाचतात आणि उरलेले अकरा कुठे राहतात म्हणून विचारतात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात हातात काम नव्हतं तेव्हा मी या माणसावर एक मराठी पान बनवलं. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते. मजकूर तपासून घेतला, नकाशा काढला, कोठीच्या जागेचे फोटो टाकले. मग शोधयंत्रात मराठीतून 'हिंदूराव' लिहिलं. बाह्यरुग्ण विभागाची वेळ आली. मग डॉक्टरांची यादी, मग जवळची औषधाची दुकानं, मग नोकरभरती. 'हिंदूराव घाटगे' असं पूर्ण लिहिलं तरी रुग्णालय हटेना. माझं पान सातव्या पानावर होतं. आमच्या धंद्यात सातवं पान म्हणजे माळा. तिथे काय ठेवलंय ते ठेवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आता खरं सांगते, रुग्णालय वर आलं याचं मला वाईट वाटलं नाही. रात्री दोन वाजता ज्याच्या पोराला ताप भरलाय, त्याला घाटग्यांची वंशावळ दाखवून काय करायचं आहे? माझी तक्रार माझ्या आधीच्या सहा पानांबद्दल आहे. त्या सहा पानांत मराठीचा एक शब्द नव्हता आणि शोध मराठीत घेतला होता.

असं का होतं ते शोधायला मी बसले आणि मग सोळा वर्षांची सगळी उणीदुणी एकेक करून वर आली.

पहिली गोष्ट नावाचीच. आपल्याकडे राव हे नावाला चिकटून येतं: यशवंतराव, सर्जेराव, हिंदूराव. इथे ते तोडतात, हिन्दू राव. तुटलं की हिंदू हा धर्म होतो आणि राव हे आडनाव. शिवाय अनुस्वार की अर्धा न, दीर्घ की ऱ्हस्व, एक शब्द की दोन, या हिशेबानं एकाच माणसाची पाच-सहा रूपं होतात. माणूस वाचताना सांभाळून घेतो. यंत्र काही रूपं जुळवतं, काही सोडतं, आणि ज्या रूपात जास्त लोकांनी जास्त पानं लिहिली त्याच्याकडे झुकतं. दिल्लीत ती पानं कोणाची असणार, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत, सगळ्यांना युनिकोडमध्ये देवनागरीचा एकच खण आहे. ते बरोबरच आहे, लिपी एक आहे. पण त्यामुळे एखादं पान मराठी आहे हे अक्षरांवरून कळत नाही, शब्दांवरून ओळखावं लागतं. पानाच्या कोडमध्ये 'ही मराठी' अशी खूण घालायची सोय आहे. एमआर ही दोन अक्षरं. ती मी पहिल्या दिवसापासून घालते. गुगलने मात्र जाहीरच सांगून ठेवलंय की भाषा ओळखताना आम्ही ही खूण बघत नाही, डोळ्यांना दिसणारा मजकूर बघतो. त्यामुळे ज्या पानावर दुकानाचं नाव, पत्ता, दर आणि फोन एवढंच आहे, ते हिंदीत जमा व्हायला वेळ लागत नाही. माझा एक ब्राउझर अजूनही मला माझंच पान उघडून विचारतो की हिंदीतून भाषांतर करून देऊ का.

मग ती खूण कशाला घालायची? अक्षराच्या वळणासाठी. आपल्याच शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठी वर्णमाला आणि लिपी ठरवून दिली. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं त्यात आहेत. ती फॉन्टच्या पोटात असतात, पण ब्राउझरला 'मराठी' असं सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. न सांगता मिळतो तो हिंदी वळणाचा ल. फॉन्टही तसा हवा. काही फॉन्टांत ती वळणं नसतातच, मग खूण घाला नाहीतर गंडा बांधा. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना हा फरक दिसतही नाही. मला मात्र शहाळ्याच्या गाडीवरची हातानं रंगवलेली पाटी दिसली की तिथला ल बघून गाव आठवतं. हा माझा दोष म्हणा.

तात्यांची गोष्ट सांगते. तात्या वडिलांचे गाववाले. चांदणी चौकाजवळ सराफ बाजारात त्यांची भट्टी आहे. आपल्याला माहीत असेलच, खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं देशभर गलाई करतात. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, काढून द्यायचा. तात्यांनी मला वेबसाइट सांगितली, पण अट घातली की एक पान मराठीत पाहिजे, गावाकडून येणाऱ्या पोरांसाठी. मजकूर त्यांनी स्वतः दिला. त्यात एक ओळ होती, 'सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांसाठी खात्रीशीर टंच'. माझ्या पडद्यावर ती जशीच्या तशी दिसत होती. साइट सुरू झाली आणि आठ दिवसांनी तात्यांचा फोन आला.

"पोरी, ही व्यापार्य कोण गं? आचार्य ऐकल्यात म्या."

उघडून बघते तर 'व्यापार्यांसाठी'. य च्या डोक्यावर रफार. झालं होतं असं: मराठीतला तो आडवा अर्धा र, ज्याने दर्या आणि दऱ्या वेगळे होतात, तो लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा र पाय मोडून लिहितात आणि त्याच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांना दोन्ही सारखे. तात्यांच्या पुतण्याच्या कीबोर्डाने दुसरी रीत वापरली होती. पान ज्या तयार सॉफ्टवेअरमध्ये चढवलं, त्याने साफसफाई म्हणून सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाकली. ते बनवणाऱ्याला ती कचरा वाटली. इंग्रजीत ती कचराच असतात. ही चूक शोधायला मला दीड दिवस लागला आणि तात्यांना मी बिल लावलं नाही, कारण काय म्हणून लावणार?

ॲप या शब्दाचीही तीच तऱ्हा. मराठीचं ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 मध्ये आलं. तोवर लोक अ वर चंद्र ठेवत होते, कुणी मधे जोडचिन्ह घालत होते, कुणी हिंदीचं ऍ वापरत होते. चारही रूपं आजही फिरतात आणि दिसायला भावंडं आहेत. शोधयंत्राने ती चार वेगळी माणसं समजली तर दोष कोणाला द्यायचा?

ब्राउझरांची कहाणी याहून जुनी. मी शिकाऊ होते तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररचं राज्य होतं. एका कार्यालयाचं काम होतं, नाव घेत नाही. तिथल्या करारात लिहिलं होतं की साइट त्याच ब्राउझरात उघडली पाहिजे. दुसरीकडे उघडली नाही तरी हरकत नव्हती. तिथल्या साहेबांचा संगणक विंडोज एक्सपीचा, आणि त्यात भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागायची. ती कुणी केलेली नव्हती. साहेबांना मराठीच्या जागी चौकोन दिसले आणि त्यांनी शेरा मारला, 'भाषा अस्पष्ट'. मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी तो ब्राउझर निवृत्त केला. त्या दिवशी मी स्वतःसाठी अर्धा किलो जिलबी आणली होती.

आता चौकोन दिसत नाहीत. आता बारीक दुखणी आहेत. नोएडाच्या एका कंपनीकडून मला तयार आराखडे येतात. त्यांच्या पोरांना शीर्षकाच्या अक्षरांत ऐसपैस जागा सोडायची हौस. रोमनमध्ये ते छान दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द वाळत घातलेल्या कपड्यांसारखा लोंबतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवतात, मग वरच्या वेलांटीचा शेंडा आणि खालच्या उकाराचं शेपूट कापलं जातं. यादीत मजकूर लांबला की मोजून चाळीस चिन्हांवर कात्री. मग जोडाक्षराचा पाय मोडून राहतो किंवा मात्रा अर्धवट सुटून ठिपक्यांच्या गोलावर बसते. एका मासिकाच्या पानावर मी पहिलं अक्षर मोठं केलं होतं. लेख सुरू होत होता 'स्त्री' या शब्दाने. एका ब्राउझरने अख्खी स्त्री उचलली. दुसऱ्याने नुसता स् उचलला आणि 'त्री' खाली ठेवली. संपादकबाई म्हणाल्या, "हे काय केलंस तिचं?" जोडाक्षर हे एकच अक्षर मानायचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत 2023 साली, 15.1 या आवृत्तीत आला. ज्या फोनात जुनं सॉफ्टवेअर आहे तिथे अजून स्त्रीचे तुकडे होऊ शकतात. आणि आयफोनवर कुठल्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आपल्या देशात आत इंजिन ॲपलचंच असतं. तेव्हा 'दुसऱ्या ब्राउझरात बघा' हा सल्ला तिथे चालत नाही.

एवढं सगळं होऊनही मी म्हणेन, ब्राउझर सुधारले. जी सुधारली नाही ती आपली सवय. मराठी मजकूर मला कशा रूपात येतो ते ऐका. छापील पत्रकाचा फोटो. फोटोची पीडीएफ. व्हॉट्सॲपवरचा निरोप. आणि जुन्या फॉन्टात टाइप केलेली फाइल, जिचा फॉन्ट काढला की खाली रोमन खिचडी उरते. दिल्लीच्या टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव चालतो. त्यात टाइप केलेल्या 'हिन्दी' या शब्दावरचा फॉन्ट काढा, खाली असतं एफ, जी, यू, एन, एच. यंत्राला तेवढंच दिसतं. मराठीतल्या जुन्या फॉन्टांची गत निराळी नाही. अशा किती पुस्तिका, स्मरणिका, अहवाल चकचकीत पीडीएफ होऊन जागोजागी पडले आहेत! वाचणाऱ्याला मराठी, शोधणाऱ्याला काहीच नाही.

हिंदूरावच्या आवाराजवळ अशोकाचा एक स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो मेरठहून आणवला. त्यावरचा लेख त्या काळी कुणाला लागला नाही. ब्राह्मी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. अठराव्या शतकात दारूच्या स्फोटात स्तंभाचे पाच तुकडे झाले. लेखाचा भाग कापून कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीकडे नेला, 1866 मध्ये तो परत आला आणि पुढच्या वर्षी तुकडे जोडून स्तंभ उभा केला. ब्राह्मीची किल्ली जेम्स प्रिन्सेपला 1837 मध्ये सापडली, म्हणजे हिंदूराव इथे राहत असतानाच. स्तंभाचे सांधे अजून दिसतात. पीडीएफमधून मराठी कॉपी करून चिकटवली आणि काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे पडली की मला हा दगड आठवतो.

आता आपल्याशी असलेल्या कामाचं बोलते.

तात्यांनी एकदा विचारलं होतं, शोधयंत्रात कोण वर कोण खाली हे ठरवतं कोण? मी त्यांना गुगलची 1998 सालची मूळ युक्ती सांगितली. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ठरवलं की ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते पान वजनदार, आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर आणखी वजनदार. नंतर त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या, फोनवर नीट उघडतं का, किती वेगाने उघडतं, पण पाया तोच. तात्या म्हणाले, "म्हंजे टंचासारखंच की. चार जुने सराफ म्हणले ह्याचा टंच बरोबर असतोय, की पाचवा न विचारता माल टाकतोय." याहून सोपं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

तर महोदय, मराठीत ते चार जुने सराफ कोण? शासनाचं संकेतस्थळ हे वजनदार पान आहे. विद्यापीठांची आहेत, मोठ्या ग्रंथालयांची आहेत. त्यांतून मराठीच्या लहान पानांकडे बोट दाखवणारे किती? 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींवर होते. एवढी माणसं रोज लिहितात, पण लिहितात ते व्हॉट्सॲपच्या गटांत, जिथे शोधयंत्राला दार नाही. 1909 पासून आपण दिवाळी अंक काढतो आणि त्यातलं फारच थोडं शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात आहे. मग यंत्र आपल्याला हिंदीची पोटशाखा समजलं तर त्याने वेगळं काय समजावं, असं आम्ही त्याला काय दिलं?

उलट उदाहरण आपल्याच घरातलं आहे. मराठी विश्वकोशाचे खंड साध्या युनिकोड मजकुरात जाळ्यावर आहेत. कुठलाही जडजंबाळ मराठी विषय शोधा, विश्वकोशाची नोंद बहुतेक वेळा वरच्या चार-पाचांत येते. कुणी जाहिरात केली नाही, कुणी माझ्यासारखीला पैसे देऊन वर चढवली नाही. शब्द शब्दाच्या रूपात आहेत आणि लोक त्याकडे बोट दाखवतात, एवढंच. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी 1954 मध्ये दिल्लीतच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. दिल्लीला पुन्हा संमेलन आलं ते फेब्रुवारी 2025 मध्ये, ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली. मी गेले होते तालकटोऱ्याला. पुस्तकांचे गाळे, दिंडी, झुणका-भाकर, सगळं डोळे भरून बघितलं. येताना तीन पिशव्या पुस्तकं आणली. त्यातल्या दोन विषयांवर रात्री जाळ्यावर मराठीत शोधलं तेव्हा जे आलं ते हिंदीत आलं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्यापायी निधी येईल, समित्या होतील, ग्रंथ निघतील. माझी मागणी त्या ग्रंथांपुरती आहे. शासनाच्या पैशाने जे मराठी छापलं जाईल ते त्याच दिवशी उघड्या मजकुराच्या रूपात जाळ्यावर यावं, स्कॅन करून नव्हे. आणि ऱ आणि ॲ कसे टाइप करायचे हे शुद्धलेखनाच्या नियमांइतकंच स्पष्ट लिहून सगळ्या कार्यालयांना जावं. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा मुक्त फॉन्ट काढला, त्याबद्दल आभार. तो वेबसाइटवर घालण्याजोग्या हलक्या रूपात एका कायमच्या पत्त्यावर ठेवता आला, तर नोएडाच्या पोरांना मी तेवढा पत्ता पाठवून देईन आणि भांडण मिटेल. दुव्यांना तर काही खर्चच नाही. दिल्ली, इंदूर, बडोदा, तंजावर, जिथे जिथे कुणी आपल्या खिशातून मराठीची पानं बनवतंय, त्यांची एक यादी विभागाच्या साइटवर असू द्या. त्या यादीत मला घालाच असं नाही. आधी तपासा, घाटग्यांबद्दल काही चुकीचं लिहिलं असेल तर कान धरा.

पत्र लिहिण्यापूर्वी काल पुन्हा एकदा शोधून पाहिलं. पान आता चौथ्यावर आलंय. कागलच्या एका शिक्षकांनी आपल्या साइटवरून त्याला दुवा दिला, तेवढ्याने तीन पानं वर. त्यांना कळवायला म्हणून फोनवर उघडलं, तर शीर्षकातल्या 'हिंदूराव'चा दीर्घ ऊकार खालून कापलेला. जुना फोन आहे, भावाचा. ओळीचं अंतर वाढवायला हवं. रात्री बसेन त्याला.

आपली,
मलकागंज, दिल्ली येथील एक वेबसाइटवाली